विरघळतं की तरंगतं

मी बरणी आहे. काचेची, रुंद तोंडाची आणि जाड बुडाची. आधीच एक सांगून टाकते. मला लोणच्याची बरणी म्हणू नका. काही वर्षं माझ्यात लोणचं होतं, हे मी नाकारत नाही. पण आज कोणी ओळख विचारली तर मी मान ताठ करून सांगते, मी शाळेची बरणी आहे. कोरेगावच्या पलीकडं, माळावरच्या त्या खडकवस्तीत जाऊन विचारा. लहानथोर कोणीही माझ्याबद्दल दोन शब्द सांगेल.

माझा जन्म कराडशेजारच्या काचकारखान्यातला. भट्टीत वितळलेल्या काचेचा एक लालभडक गोळा कारागिरानं लोखंडी नळीच्या टोकाला घेतला, गाल फुगवून नळीत फुंकर घातली आणि मी आकाराला आले. माझ्या अंगात एका बाजूला बारीकसा बुडबुडा राहून गेला. दुकानदार त्याला खोट म्हणायचा आणि गिऱ्हाईक आलं की ती बाजू भिंतीकडं करून ठेवायचा. मला मात्र त्याची कधी लाज वाटली नाही. मला घडवणाऱ्याची आठवण म्हणून तेवढीच एक गोष्ट माझ्यापाशी आहे.

कराडच्या बाजारातून मला रंगूबाईंनी घरी आणलं. त्यांच्या फडताळात मी वर्षानुवर्षं कैरीचं लोणचं सांभाळलं. त्यांची थोरली मुलगी अंजना कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. ती जेवायला बसली की मला हातात धरून उजेडात बघायची. तेल वर का येतं, मीठ खाली का बसतं, असलं काहीतरी आईला विचारत राहायची. रंगूबाई म्हणायच्या, "आगं, भाकरी गार हुतीया. लोनचं खायाचं आसतं, बगत बसायचं नसतं."

पुढं अंजनाला खडकवस्तीच्या हायस्कुलात शिक्षिकेची नोकरी लागली. निघताना रंगूबाईंनी मला काठोकाठ भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून लेकीच्या मांडीवर दिलं. उंब्रज गेलं, सातारा गेलं, कोरेगावला गाडी बदलली. खड्ड्याखड्ड्याला अंजना मला दोन्ही हातांनी छातीशी धरत होती. असा प्रवास फार थोड्या बरण्यांच्या नशिबी येतो.

गावात ती अंजनाबाई झाली. शाळेला प्रयोगशाळा म्हणून एक लाकडी कपाट होतं. त्यात एका पायानं लंगडा झालेला तराजू, स्पिरिटमध्ये बुडवलेला विंचू आणि काही फुटक्या परीक्षानळ्या. बाईंनी ते कपाट उघडलं, बघितलं आणि बंद केलं. दिवाळी येईतो माझ्यातलं लोणचं संपलं होतंच. त्यांनी मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं, नाकाजवळ नेऊन वास उरला नाही ना ते पाहिलं आणि शाळेत आणलं.

तो पहिला तास मी विसरणार नाही. बाईंनी मुलांना सांगितलं होतं, घरात जे असेल ते चिमूटभर आणा. कोणी मीठ आणलं, कोणी गूळ, हळद, राख, कापूर, गेरू. एकानं तर बैलगाडीच्या आसाचं काळं वंगण कागदावर खरडून आणलं होतं. बाईंनी माझ्यात पाणी घेतलं आणि मीठ टाकून ढवळलं.

"कुठं गेलं मीठ?" त्यांनी विचारलं.

"ग्येलं," मुलं म्हणाली.

"गेलं तर कुठं गेलं? चाखून बघा."

एकेकानं बोट बुडवून चाटलं. मीठ दिसत नव्हतं, पण थेंबाथेंबात होतं. मग बाईंनी मला पुसून रॉकेल ओतलं आणि पुन्हा मीठ टाकलं. कितीही ढवळा, मीठ आपलं बुडाशी बसून. वर्ग चकित झाला. मग वंगणाची पाळी आली. पाण्यात ते गोळा होऊन राहिलं, पाण्याला त्यानं दादच दिली नाही. रॉकेलात मात्र हळूहळू सुटत गेलं आणि सगळं रॉकेल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. कापूर पाण्यावर तरंगत राहिला, गोड्या तेलात मुरून गेला. हळदीनं पाणी पिवळं झालं तेव्हा मुलं म्हणाली, विरघळली. बाई म्हणाल्या, "घाई नको. बरणी अशीच राहू दे." दुसऱ्या दिवशी हळद खाली बसलेली होती.

"हे विरघळणं नाही, नुसतं मिसळणं," बाईंनी सांगितलं. "ढवळलं की सगळंच एक झाल्यासारखं दिसतं. थांबून बघायचं असतं."

त्या दिवसापासून मी वर्गात सगळ्यांची लाडकी झाले. मला धुवायला मुलींची आपसांत भांडणं लागायची.

एकच माणूस माझ्यावर नाराज होता, लालासाहेब सुभेदार. पलटणीतून निवृत्त होऊन गावी आलेला, पिळदार मिशांचा, शिस्तीचा माणूस. शाळा समितीचा अध्यक्ष. एकदा तपासणीला आले, मला टेबलावर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, शाळंत लोनच्याची बरनी? उद्या सायेब आला तर काय म्हनंल?"

"साहेब आले तर त्यांनाही मीठ चाखायला देऊ," बाई म्हणाल्या.

सुभेदार हसले नाहीत. "खरंखुरं सामान आनू," एवढं बोलून गेले. ते सामान लवकर काही आलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं दुःख झालं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ओढा आटला, आड आटले. माळावरची बाभळसुद्धा करपल्यासारखी दिसू लागली. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सगळ्या गावात पाणी उरलं ते एका विहिरीत, आणि ती विहीर लालासाहेबांची. सुभेदारांनी आपलं इंजिन बंद केलं, शेतातलं पीक डोळ्यांदेखत वाळू दिलं आणि विहीर गावाला खुली केली. माणूस मोठ्या मनाचा, यात शंका नाही. पाणी खाली जाईल तसं इंजिन खाली उतरवत नेलं होतं, ते विहिरीच्या आतल्या दगडी टप्प्यावर तसंच उभं राहिलं.

त्याच सुमाराला माणदेशाकडून मेंढपाळ दगडाबाईचा तळ गावाच्या कडेला येऊन उतरला. म्हातारी, तिचा मुलगा ज्योतिबा, सून, नातवंडं आणि हाडं निघालेली मेंढरं. सुभेदारांनी त्यांनाही पाण्याला नाही म्हटलं नाही. मेंढरांच्या पायांना जखमा झाल्या होत्या, त्यांत किडे पडायचे. दगडाबाई त्यांना काळं फिनेल लावायची. त्या फिनेलचा डबा तिच्या पालाबाहेर सगळ्यांना दिसेल असाच ठेवलेला असायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी गावातली बनुबाई विहिरीवरून रिकामी घागर घेऊन ओरडतच गावात आली. पाण्याला वास मारत होता. पाण्यावर तेलकट, रंगीबेरंगी साय धरली होती. बघता बघता सगळा गाव विहिरीवर जमला. शाळेच्या माठातही सकाळी तेच पाणी भरलेलं, म्हणून शाळा सोडून दिली. कोणीतरी म्हणालं, काळं, तेलकट आणि वासाचं औषध गावात एकाच जागी आहे. तेवढं बोलणं पुरे झालं. दोघं जण जाऊन फिनेलचा डबा आणि दगडाबाई, दोन्ही विहिरीवर घेऊन आले.

"मेंढरं धुतली आसतील रातच्याला," लोक म्हणू लागले.

दगडाबाई कठड्याला हात टेकून उभी होती. "आवं, आमी बी हेच पानी पितो," ती म्हणाली. "माझी नातवंडं हेच पितात. त्येंच्या पान्यात मी कशापायी काय टाकीन?"

कोणी ऐकलं नाही. सुभेदारांचा चेहरा दगडासारखा झाला होता. आपलं पीक जाळून त्यांनी हे पाणी राखलं होतं. ते म्हणाले, "दगडाबाई, आजपासनं हितं घागर लावायची न्हाई. सांजच्या आत तळ उठवा."

सांजच्या आत तळ उठवायचा म्हणजे कुठं जायचं? चहूकडं कोरडं. तहानलेली मेंढरं आणि लहान पोरं घेऊन उन्हात निघायचं, याचा अर्थ तिथं सगळ्यांना कळत होता. पण आपल्या घरात पाणी नाही या भीतीनं माणसं दुसऱ्याचा विचार करेनाशी होतात. मी तेव्हा कपाटात होते, हे सगळं मला मागाहून पोरांच्या बोलण्यातून कळलं.

अंजनाबाई हे सगळं ऐकून तडक शाळेत आल्या आणि मला कपाटातून काढलं. हेडमास्तर सयाजीराव दारात आडवे आले. सरळ माणूस, पण जीव मुठीत धरून वागणारा.

"बाई, तुमची नोकरी अजून कायम झाली नाही. सुभेदार अध्यक्ष आहेत. त्यांनी निकाल दिलाय."

"पाण्याला ते माहीत नाही, सर," बाई म्हणाल्या आणि मला काखेत घेऊन निघाल्या.  

विहिरीवर गर्दीनं वाट दिली. बाईंनी आधी विहिरीचं पाणी माझ्यात घेतलं आणि मला कठड्यावर ठेवलं. "थोडं थांबू या," त्या म्हणाल्या. उन्हात माझ्या पोटातलं सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. खाली नितळ पाणी आणि वर तरंगणारी पातळ साय, मोरपिसासारखी चमकणारी.

मग त्यांनी मला राखेनं घासून काढलं. बनुबाईच्या घरी आदल्या दिवशीचं चांगलं पाणी तांब्याभर उरलं होतं, ते मागवलं. त्या वेळी कोणी तांब्याभर पाणी देणं म्हणजे काय, ते ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना विचारा. बनुबाई तांब्या द्यायला तयार होईना. "सांडायचं न्हाई ना, बाई?" तिनं विचारलं.

"सांडणार नाही. पण परत प्यायला मिळणार नाही," बाईंनी खरं तेच सांगितलं. बनुबाईनं एकदा दगडाबाईकडं बघितलं आणि तांब्या पुढं केला.

"आजी, तुमचं औषध थोडं टाका यात."

दगडाबाईनं डबा पुढं घेतला. आपल्याच हातानं आपल्या गळ्याला फास लावतोय की काय, असं तिला वाटत असावं. तिनं डबा कलता केला. काळी धार पाण्यात पडली आणि पाणी पांढरं होत गेलं. वरून खालपर्यंत, ताकासारखं पांढरं.

"दूद झालं की," कोणीतरी पुटपुटलं.

"विरघळलं असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण पाण्यात पुरतं मिसळलं. आता थांबून बघा, वर साय येते का." लोक थांबले. उन्हाची तिरीप सरकली. पाणी पांढरंच होतं, वर काहीही तरंगत नव्हतं. "यांचं औषध विहिरीत पडलं असतं तर पाणी गढूळ पांढरं झालं असतं. विहिरीतलं पाणी खाली नितळ आहे."

सुभेदार पुढं आले. "म्हंजी दुसरं कायतरी टाकलं आसंल."

"अजून एक वस्तू बघायची राहिलीय," बाई म्हणाल्या आणि विहिरीत बोट दाखवलं. "तुमच्या इंजिनातलं डिझेल."

 बाईंच्या मागोमाग आलेल्या हेडमास्तरांनी मान खाली घातली. सुभेदारांच्या मिशा हलल्या.

"इंजान कवाधरनं बंद हाय, बाई. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"बंद आहे. पण टाकी भरलेली असेल ना? मला थोडंच हवंय."

दुसरा कोणी असता तर गडी पाठवला असता, किंवा बाईंनाच घालवून दिलं असतं. लालासाहेब स्वतः पायऱ्या उतरले. टप्प्यावर इंजिनाशी वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात डिझेल भरलेलं झाकण होतं आणि हात मनगटापर्यंत काळा झाला होता.  बाईंनी मला पुन्हा घासून तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्यात ओतलं. सुभेदारांनी आपल्याच हातानं त्यात डिझेल टाकलं.

ते पाण्यात शिरलंच नाही. वरच्या वर पसरलं आणि उन्हात चमकू लागलं. तेच मोरपीस, तोच वास. काठीनं ढवळलं तर थेंब झाले, आणि काठी थांबताच थेंब पुन्हा वर येऊन एक झाले.

सुभेदारांनी वाकून माझ्या तोंडाशी वास घेतला. मग सरळ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "टाकीची नळी सडलीया. कपारीतनं पाझरून खाली उतरलंया. इंजान माजं हाय, तवा चूक बी माजीच." नंतर दगडाबाईकडं वळून म्हणाले, "आजे, तुमचा तळ हाय तितंच ऱ्हाऊ द्या. मी बोललो ते मागं घेतो."

दगडाबाई रडली नाही, की पाया पडली नाही. म्हणाली, "तळ ऱ्हाईल, दादा. पर पानी कुठं हाय?"

खरा प्रश्न तोच होता. डिझेल कोणाचं ते कळलं, पण घागरी रिकाम्याच होत्या.

"ते पाण्यात विरघळत नाही, हे आपल्या फायद्याचं आहे," बाई म्हणाल्या. "मीठ पडलं असतं तर विहीर गेली असती. हे वर तरंगतंय. वरच्या वर उचलता आलं तर खालचं पाणी वापरता येईल."

उचलायचं कशानं? मी पुन्हा कामाला लागले. डिझेल तरंगतच होतं. आधी त्यात कडब्याची चिपाडं टाकली, त्यांनी थोडंसं धरलं. कापूस टाकला, तर तो पाणीच पिऊन जड झाला. मग बाईंनी दगडाबाईकडं लोकर मागितली. तळावर कातरलेली लोकर बांधून ठेवलेली होती. ती माझ्यात सोडली आणि साय तिच्याकडं ओढल्यासारखी सरकली. लोकर उचलली तेव्हा पाण्यावर जवळजवळ काही उरलं नव्हतं.

"लागल किती?" दगडाबाईनं विचारलं.

"आहे तेवढी सगळी, आजी."

ती लोकर घोंगडी विणणाऱ्याला द्यायची होती. वर्षाचं त्यांचं तेच पीक. ज्योतिबा आईला म्हणाला, "आये, इच्यार कर." म्हातारी म्हणाली, "केला. जा, समदी घिऊन ये."

सुभेदारांनी आधी टाकी रिकामी करून इंजिन दोरांनी वर ओढून काढलं. मग ते आणि ज्योतिबा कमरेला दोर बांधून खाली उतरले. जाळ्यांत भरलेली लोकर पाण्यावर पसरायची, तेल पिऊन काळी झाली की वर पाठवायची. वर बाया ती खड्ड्यात पिळायच्या आणि पुन्हा खाली सोडायच्या. कपारी राखेनं खरवडून काढल्या. खाली उतरलेले दोघे थोड्याच वेळात ओळखू न येण्याइतके काळे झाले होते. सुभेदार कोणता आणि ज्योतिबा कोणता, हे वरून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

तोवर लोकांनी लांबलांबून हंडे वाहिले. रोज सकाळी बाई विहिरीचं पाणी माझ्यात घेऊन मला कठड्यावर ठेवायच्या आणि सगळा गाव माझ्याकडं बघत थांबायचा. तेवढा मान मला कधीच मिळाला नव्हता. साय पातळ होत गेली, नुसत्या रेघा उरल्या. मग एका सकाळी माझ्यात पाणी होतं आणि पाण्यावर काहीच नव्हतं. वासही नव्हता.

"उकळून प्या," बाईंनी बजावलं. पाणी उकळून गार केलं, आणि ते पुन्हा माझ्यातच भरलं. सुभेदारांनी मला उचललं आणि दगडाबाईपुढं धरलं.

"आधी तुमी घ्या," ती म्हणाली. "इंजान तुमचं हुतं."

लोक हसले. सुभेदारही हसले, मिशांतल्या मिशांत, आणि मला तोंडाला लावून घटाघटा प्यायले. मग दगडाबाईनं घेतलं. त्या दिवशी मी किती तोंडांना लागले, ते मला सांगता यायचं नाही.

पावसाळा झाला तरी दगडाबाईचा तळ गेला नाही. सुभेदारांनी आपल्या माळाचा तुकडा त्यांना राहायला दिला. शाळेला साताऱ्याहून नवं सामान आलं. चंचुपात्रं, नरसाळी, परीक्षानळ्या. लालासाहेबांनी शब्द पाळला. गाड्यावरून खोकी उतरवताना ते बाईंना म्हणाले, "ही बरनी मातूर हितंच ठिवा."

पुढं अंजनाबाईंची बदली सांगलीकडं झाली. निघताना त्यांनी मला हातात घेतलं. मी त्यांच्या आईची, त्यांच्या घरची. न्यायचा त्यांना पुरा हक्क होता. त्यांनी मला पदरानं पुसलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ही शाळेची झाली." मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

त्यानंतर बरे-वाईट दिवस गेले. नव्या सामानापुढं मला कोण विचारतो? काही काळ माझ्यात खडूचे तुकडे होते. मग कोणीतरी मला ऑफिसच्या खिडकीत ठेवून माझ्यात मनीप्लँट लावला. पाणी हिरवं पडलं, अंगाला शेवाळ चढलं. येणारे पाहुणे वेलाचं कौतुक करायचे.  वेलावर राग नव्हता, पण नुसतं उभं राहणं मला जमत नाही.

यंदा दगडाबाईची, दुष्काळानंतर इथंच जन्मलेली नात आठवीत आली. चंद्रा तिचं नाव. पहिल्याच आठवड्यात ती ऑफिसात शिरली, मला पाहिलं आणि विज्ञानाच्या आकाराम सरांना म्हणाली, "सर, ह्यो येल डब्यात लावू या. ही बरनी कामाची हाय. आजीनं सांगितलंया." सरांनी मान डोलावली. तिनं मला ओढ्यावर नेऊन वाळूनं घासलं. कित्येक वर्षांनी माझ्यातून आरपार ऊन गेलं.

आता माझ्या काठाचा एका जागी टवका उडालेला आहे. मला त्याचं काही नाही. तुम्हाला एवढीच विनंती, की तुमच्या गावच्या पाण्याला कधी वास मारला, तर कोणाकडं बोट दाखवण्याआधी ते पाणी एका काचेच्या भांड्यात घ्या आणि उन्हात ठेवा. जरा थांबा. वाट बघण्याला काही लागत नाही, आणि एखाद्याचं घर वाचतं.

येते. घंटा झाली आहे. पोरांनी आज पुड्या बांधून आणल्यात. युरिया आहे, साखर आहे, मेण आहे. मेण कशात विरघळेल यावर चंद्राचं आणि तिच्या मैत्रिणीचं सकाळपासून वाजलंय. सरांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवलं आहे.